अर्वोच्या रायफलीचा रास्त भाव

"माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा! रायफल नुसती हातात द्या! भाव सांगतो. चुकला तर माझी बस तुमच्या नावावर!"

बस सरकारी शाळेची होती, त्यामुळे ती कुणाच्या नावावर होण्याची भीती नव्हती. पण तौनो सालमेलाची ही बढाई पोकळही नव्हती. वर्षभर तो शाळेची बस चालवायचा. ऑक्टोबरात मेपलची पानं गळायला लागली, की गावातली माणसं घोंगडीत गुंडाळलेल्या जुन्या रायफली घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जमायची आणि शेगडीजवळच्या खुर्चीत बसलेल्या तौनोपुढे ठेवायची. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये तौनो. एखाद्या लग्नात भटजी बसावा तसा!

तो आधी रायफलीचा वास घ्यायचा. मग पोटाखालून अंगठा फिरवायचा, कारण जंगलात चालताना माणूस रायफल तिथे धरतो आणि लोखंडाची निळी-काळी झिलई पहिल्यांदा तिथेच उडते. मग स्क्रू बघायचा. "स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या, की समजावं, आधीच्या मालकाला हात होते पण अक्कल नव्हती!" मग चापाखालची कडी खाली ओढून, आत काडतूस नाही याची खात्री करून, नळीच्या बुडाशी अंगठ्याचं नख धरायचा आणि त्या नखावरून उजेड आत पाडून दुसऱ्या टोकातून बघत राहायचा. बघत राहायचा... बघतच राहायचा.

इथेच गडबड होती. एकदा तौनो त्या नळीत शिरला, की लवकर बाहेर यायचा नाही. चकचकीत लोखंडी गोल गोल वळणांच्या पलीकडे त्याला धुकं दिसायचं, देवदाराची झाडं दिसायची, बर्फावर नुकतीच उमटलेली खुरं दिसायची. कुणीतरी खांदा हलवला, की तो दचकायचा आणि म्हणायचा, "काय? हां. एकशे दहा!" आणि दोन्ही पक्ष निमूटपणे मान हलवायचे.

हा स्वप्नाळूपणा त्याला जन्मापासून होता. एकदा अशाच धुक्याच्या सकाळी भरलेली बस घेऊन तो शाळेवरून सरळ पुढे गेला होता आणि मोठ्या सरोवराच्या काठावर जाऊन थांबला होता. पोरांनी चकार शब्द काढला नाही. पोरं कशाला काढतील! मुख्याध्यापकांनी मात्र पुष्कळ काढले.

तर अशा या तौनोच्या मनात एक रायफल होती. अर्वो कोस्केलाची.

अर्वो म्हणजे तौनोचा जिवलग मित्र. समुद्रापलीकडून आलेल्या त्यांच्या आजोबांच्या भाषेत 'अर्वो' म्हणजे मोल, पण या अर्वोने आयुष्यात कशाचंच मोल केलं नाही. कुणी मागितलं की देऊन टाकायचा. फक्त कडीची ती रायफल तेवढी कुणाला हात लावू द्यायचा नाही. आखूड, सुबक, अक्रोडाच्या दस्त्याची. कडी खाली-वर केली की असा आवाज यायचा, जसं कुणी चांगल्या घराचं दार हलकेच लावून घेतंय. दर नोव्हेंबरात हरणांचा मोसम उघडला की दोघं मित्र जंगलात जायचे, शेजारशेजारच्या ओंडक्यांवर बसायचे, आणि तौनो हरणांकडे कमी अन् त्या रायफलीकडे जास्त बघायचा.

यंदाच्या वसंतात अर्वो गेला. बर्फ वितळत असताना, अंगणातल्या खुर्चीत बसल्या बसल्या, कुणालाही त्रास न देता. आणि आता गावात कुजबुज होती, की त्याची बायको लेम्पी रायफल विकणार आहे.

"मी घेतो," तौनो एका सकाळी कॉफी बशीत ओतता ओतता बायकोला म्हणाला.

एल्माने कॉफी प्यायला दातांत साखरेचा खडा धरला होता. तो तिने तसाच धरून विचारलं, "केवढ्याला?"

"एकशे चाळीस. रास्त भाव आहे."

"बघितलीस कधी नीट?"

"मनातल्या मनात हजार वेळा."

"कपडे धुवायचं यंत्र भिंतीपासून दारापर्यंत चालत जातंय. काल स्वयंपाकघरात आलं होतं, मला वाटलं जेवायलाच आलंय! नवं घ्यायचंय. शंभराच्या वर एक डॉलर मिळणार नाही."

"एल्मा, मित्राच्या विधवेला फसवू?"

"लेम्पीला फसवणारा अजून जन्मायचाय! पाद्रीबुवांना लंगडी गाय विकली तिने, आणि वर त्यांच्याकडून आभार घेतले. तू ऐंशीपासून सुरू कर. ती दीडशे म्हणेल. शंभरावर ये. आणि हे बघ, तोंडातून एकही कौतुकाचा शब्द काढायचा नाही! तू रायफल हातात घेतलीस की तुझी तंद्री लागते आणि तंद्रीत तू बोलतोस. मी बरोबर येणार. तू भरकटलास की खोकेन. तरी थांबला नाहीस तर टेबलाखालून लाथ."

तौनोला हे पटलं. आपल्याला कुणीतरी वेळेवर लाथ मारली असती, तर ती बस सरोवरापर्यंत गेली नसती, असं त्याला नेहमी वाटायचं.

लेम्पीचं घर टेकडीच्या उतारावर होतं. आभाळ खाली उतरलं होतं, हिमाचे एक-दोन कण हवेत नुसतेच तरंगत होते, पडायचं की नाही हे न ठरलेले. चालताना तौनो मनाशी वाक्य घोकत होता. 'वहिनी, मला अर्वोची रायफल विकत हवी आहे.' साधं वाक्य. पण मेलेल्या मित्राची वस्तू मागायची होती. घोकता घोकता त्या वाक्यात अर्वो आला, अर्वोबरोबर जंगल आलं, आणि दारापाशी पोचेपर्यंत वाक्य कुठे गेलं ते तौनोला कळलं नाही.

"ये ये! बरं झालं तूच आलास!" लेम्पीने दार उघडत म्हटलं. बुटकी, रुंद खांद्यांची, गाल लाल, केस घट्ट बांधलेले. "मी तुला बोलावणारच होते. त्या रायफलीचं काय करायचं ते सांग."

"वहिनी, मी त्याचसाठी..."

"एक गिऱ्हाईक येतंय दुपारी. पुलाखालचा आहे. दातांचा डॉक्टर. त्याला कडीचीच रायफल हवीय म्हणे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू भाव सांग. तू सांगशील तो भाव मी त्याला सांगणार. तुझा शब्द म्हणजे शब्द!"

पुलाखालचे म्हणजे दक्षिणेकडच्या शहरांतले. लांबलचक पुलाच्या पलीकडे राहणारी, नोव्हेंबरात नवे कोरे कोट घालून येणारी आणि गाईला हरीण समजणारी माणसं.

तौनोने एल्माकडे पाहिलं. एल्माने तौनोकडे पाहिलं. आता आली का पंचाईत! भाव कमी सांगितला तर डॉक्टर स्वस्तात घेऊन जाणार. जास्त सांगितला तर एल्मा पैसे देणार नाही. आणि 'मलाच हवी आहे' म्हणावं, तर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलेल्या माणसाने आरोपीची बायको मागितल्यासारखं!

"बसा. कॉफी ठेवलीय. वेलदोड्याचा पाव आजच भाजलाय," म्हणत लेम्पी आत गेली.

"सांग तिला!" एल्मा कुजबुजली.

"सांगतो. जरा धीर येऊ दे."

"धीर डॉक्टरच्या गाडीतून येणार आहे का?"

तेवढ्यात लेम्पी बाहेर आली. हातात फ्लॅनेलच्या चादरीत गुंडाळलेली लांबट वस्तू. तिने ती तौनोच्या मांडीवर ठेवली, आणि ते वजन मांडीवर पडताच तौनोच्या अंगातून काहीतरी हळूच निघून गेलं. बहुतेक अक्कल.

त्याने चादर उलगडली. तेलाचा, धुराचा, जुन्या लोकरीचा वास आला. खिडकीतून येणारा करडा उजेड अक्रोडाच्या लाकडावर पडला आणि लाकडाच्या रेषा एखाद्या संथ नदीसारख्या वाहू लागल्या.

"अहाहा!" तौनो म्हणाला.

एल्मा खोकली.

"म्हणजे... जुनी आहे," तौनो सावरला.

"फारच जुनी!" एल्माने री ओढली. "आणि हे बघ, दस्त्यावर केवढा ओरखडा पडलाय! किती कमी होतील गं बाई याचे?"

तौनोने ओरखड्यावर बोट ठेवलं, आणि झालं! खोली गेली. टेबल गेलं. त्याचा आवाज मऊ झाला, दुरून आल्यासारखा.

"हा ना... हा ओढ्यावरचा. सगळा गोठला होता ओढा. वर चार बोटं ताजं हिम. अर्वो पुढे, मी मागे. असा घसरला, असा घसरला, की रायफल दोन्ही हातांनी वर धरून बसल्या बसल्या पार पलीकडच्या काठाला जाऊन लागला! जसा राजा घसरगाडीतून निघालाय! आणि तिथेच बसून हसायला लागला. त्या हसण्याने झाडावरचं हिम त्याच्या डोक्यावर पडलं, तर आणखी हसला. असा ओरखडा विकत मिळत नाही, वहिनी. धरा दहा डॉलर जास्त!"

एल्मा जोरात खोकली.

"मला म्हणाला होता, शेजाऱ्याची मोटार ढकलताना पाठ धरली," लेम्पी हळूच म्हणाली. मग हसली. "महिनाभर पाठीला तेल चोळून घेतलं मेल्याने!"

"ही झिलई बघा ना," तौनो आता थांबण्याच्या पलीकडे गेला होता. "पोटाखाली कशी चांदीसारखी पांढरी झालीय. हे चालून चालून होतं. वर्षानुवर्षं एकाच हाताने, एकाच जागी धरून."

एल्माचा खोकला आता क्षयरोग्यासारखा झाला होता. लेम्पी उठली, कपाटातून काळ्या औषधाची बाटली काढली आणि "आ कर" म्हणत मोठा चमचा तिच्या घशात ओतला. त्या औषधात डांबर असावं. एल्माच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पुढची काही मिनिटं तिला खोकता तर नाहीच, बोलताही येईना. राहिली लाथ. तिने नेम धरून टेबलाखालून लाथ मारली. खाली लेम्पीचा म्हातारा कुत्रा झोपला होता. तो केविलवाणा कुंईकुंई करत उठला, सगळ्यांकडे एकदा दुःखाने पाहिलं आणि शेगडीमागे जाऊन बसला.

तौनोला यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्याने कडी खाली ओढली, नळीच्या बुडाशी नख धरलं आणि आत पाहिलं.

"अरे वा!" तो पुटपुटला. "आतून आरशासारखी! नवी कोरी! वहिनी, हे फार क्वचित सापडतं. बाहेरून झिजलेली, आतून नवी. म्हणजे फार फिरवली, पण झाडली नाही. भाव चांगला वीस डॉलरनी वाढला!"

"झाडली नाही?" लेम्पीने विचारलं. "का नाही झाडली?"

एल्माला पुढचा धोका दिसला. ती हात हलवू लागली, ओठ हलवू लागली. पण तौनो नळीत होता. आणि नळीत धुकं होतं.

"सकाळी धुकं असतं ना दलदलीवर," तो म्हणाला, "काही दिसत नाही. मग एक झाड दिसतं. मग दुसरं. मग वाटतं, त्या दुसऱ्या झाडाने मान हलवली. आणि ते झाड नसतंच. हरीण असतं. नाकातून वाफ निघत असते. मग त्याच्या मागून आणखी एक. अर्वो रायफल खांद्याला लावायचा, घोडा मागे ओढायचा... आणि मग हळूच परत खाली सोडायचा. म्हणायचा, 'थांब तौनो, अजून थोडं बघू.' आम्ही बघायचो. ती चरायची. एकदा तर एक मोठा नर इतका जवळ आला, की अर्वोने त्याला 'नमस्कार' म्हटलं! मग ऊन यायचं, धुकं जायचं, हरणं जायची. आम्ही पाव खायचो आणि घरी यायचो."

तो थांबला. नळीतून बाहेर आला.

लेम्पी उभी होती. तिचे लाल गाल आता आणखी लाल झाले होते.

"मला सांगायचा," ती एकेक शब्द मोजून टाकल्यासारखी म्हणाली, "एकही दिसलं नाही. लांडग्यांनी संपवली म्हणायचा. हिवाळा वाईट होता म्हणायचा. आणि मी खारवलेलं डुकराचं मांस उकडत बसायचे! जानेवारी, फेब्रुवारी, मार्च! शेजारणीकडून हरणाच्या हाडांचा रस्सा मागून आणायचे! आणि हा तिकडे हरणांना नमस्कार करत होता?"

"वहिनी, तसं नाही..."

"कसं मग?"

"म्हणजे... कधी कधी दिसायचीच नाहीत."

"कधी कधी!"

आता एल्माच्या घशातलं डांबर खाली उतरलं. तिचा आवाज परत आला, आणि आला तो असा, की तौनोला वाटलं त्यापेक्षा खोकला बरा.

"आणि तेव्हा तू कुठे होतास?"

"मी?... शेजारच्या ओंडक्यावर."

"तुझी रायफल?"

"मांडीवर."

"तीसुद्धा आतून आरशासारखी असेल!"

तौनोने कॉफीची बशी उचलली. ती रिकामी होती. तरी तो पीत राहिला.

त्याच क्षणी दारावर टकटक झाली. तौनोला पुलाखालच्या माणसांबद्दल आयुष्यात प्रथमच प्रेम वाटलं.

डॉक्टर प्रिचर्ड आत आले. उंच, गोरेगोमटे, हसताना सगळे दात दाखवणारे. धंद्याची जाहिरातच म्हणा ना. अंगात लाल-काळ्या चौकड्यांचा नवा लोकरी कोट, आणि त्याच्या बाहीला दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. त्यांनी टेबलावरची रायफल पाहिली आणि लहान पोरासारखे टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी राहिले.

"हीच! अगदी हीच! माझ्या आजोबांकडे अशीच होती. तीनशे डॉलर देतो!"

लेम्पीचा राग क्षणभर मागे सरला. "तीनशे?"

इथे तौनोने गप्प बसायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. पण त्याच्यापुढे एका रायफलीचा चुकीचा भाव बोलला गेला होता, आणि ते त्याला सहन होणं शक्य नव्हतं. सुरेल गवयापुढे कुणी बेसूर तान घ्यावी तसं त्याचं झालं.

"तीनशे? छे छे छे! काय बोलताय डॉक्टर! ही नेम धरायची पुढची माशी बघा, मूळची नाही, नंतर बसवलेली आहे. त्याचे वीस गेले. दस्त्याच्या टोकाच्या पत्र्याला गंज आहे. आणि इथे, लाकूड लोखंडाला मिळतं ना, तिथे केसासारखी चीर आहे. आत्ता दिसत नाही, पण दहा हिवाळ्यांनी दिसेल. एकशे चाळीस! त्यावर एक डॉलर घेतला तर ती लूट आहे!"

लेम्पी तौनोकडे बघत होती, कारण त्याने तिचे एकशे साठ डॉलर डोळ्यांदेखत वाफेसारखे उडवले होते. एल्मा बघत होती, कारण चाळीस डॉलर तिच्या यंत्राच्या अंगावर चढले होते. डॉक्टर बघत होते, कारण त्यांच्या आजोबांची आठवण कुणीतरी निम्म्या भावाला काढली होती. रास्त भाव तो, पण खोलीतल्या एकालाही तो पसंत पडला नाही! कुत्र्यानेसुद्धा शेगडीमागून एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी डोळे बारीक केले. "अस्सं! म्हणजे तुम्हालाच हवी आहे वाटतं ही?"

तौनोचे कान आधी लाल झाले, मग मान, मग उरलेला सगळा तौनो. सकाळपासून हरवलेलं वाक्य नेमकं आता सापडलं.

"हो," तो म्हणाला. "वहिनी, मला अर्वोची रायफल विकत हवी आहे."

"मग आल्या आल्या बोलला का नाहीस?"

"लाज वाटली."

"आणि मला तिचा भाव सांगत बसलास? ओरखड्याचे दहा जास्त, झिलईचं कौतुक?"

"ते आपोआप आलं."

लेम्पीने त्याच्या हातातून रायफल घेतली. खिडकीशी गेली, उजेडात उभी राहिली, अंगठा त्या पांढऱ्या पडलेल्या जागेवर ठेवला आणि तसाच राहू दिला. बाहेर हिमाच्या कणांनी अखेर पडायचं ठरवलं होतं. बराच वेळ ती पाठमोरी होती. तौनोला वाटलं, ती रडते आहे. आपण मित्राचं गुपित फोडलं, त्याच्या बायकोला रडवलं, आणि वर रायफलही गेली. त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग एकदम 'खट्-खटाक्!' असा आवाज आला. लेम्पीने कडी खाली ओढून वर मारली होती. अशी सफाईदार, की डॉक्टर एक पाऊल मागे सरले.

"विकायची नाही," ती वळून म्हणाली. डोळे ओले होते, पण हनुवटी वर होती. "लग्नाआधी बापाच्या बटाट्याच्या शेतातले ससे मीच टिपायचे. अर्वोला माहीत होतं. म्हणूनच मला कधी बरोबर नेलं नाही लबाडाने! या मोसमाला मी जाणार. तौनो, तू मला त्या ओंडक्यापाशी घेऊन जायचंस."

"मी?"

"नाहीतर कोण? नमस्कार करायला कुणीतरी हवंच ना!"

डॉक्टरांना वेलदोड्याचा पाव आणि कॉफी मिळाली. दुःख करत करत त्यांनी तीन तुकडे खाल्ले, आणि निघताना तौनोने त्यांच्या कोटाची चिठ्ठी हळूच तोडून हातात दिली. तिच्यावरचा आकडा वाचून तो म्हणाला, "डॉक्टर, यातसुद्धा फसलात."

हरणांचा मोसम उघडला त्या दिवशी अगदी हवं तसं धुकं होतं. लेम्पीने अर्वोचा कोट घातला होता. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. जंगलात पाय टाकला तसं सगळं मऊ झालं. पावलांचा आवाज मऊ, उजेड मऊ, श्वासाची वाफसुद्धा संथ. देवदारांखालून जाताना तौनोला वाटत राहिलं, की पुढे आपण दोघं नाही, तिघं चाललो आहोत, आणि तिसरा कुठल्याही क्षणी घसरून हसायला लागेल.

"इथे बसायचा?" लेम्पीने विचारलं.

"इथेच."

तिने ओंडक्यावरचं हिम हाताने झाडलं. मधोमध जागा घासून गुळगुळीत झाली होती. ती तिथे बसली, रायफल मांडीवर आडवी घेतली आणि दलदलीकडे बघत राहिली. तौनो आपल्या ओंडक्यावर टेकला.

बराच वेळ काही झालं नाही. मग धुक्यात एक झाड दिसलं. मग दुसरं. आणि मग त्या दुसऱ्या झाडाने मान हलवली.

नर होता. थोरला, रुंद छातीचा, शिंगांवर हिम साचलेलं. एक पाय उचलून तो थांबला. नाकातून निघालेली वाफ सोनेरी होत चालली होती, कारण मागून कुठूनतरी ऊन येत होतं. तौनोने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं: लेम्पीने रायफल खांद्याला लावली होती, घोडा मागे होता, पण ती थांबली होती. तिच्या गालावरून एक थेंब खाली येत होता. तौनोचं मन भरून आलं. आता कळलं तिला! आता कळलं अर्वो का थांबायचा ते! आता ती घोडा हळूच खाली सोडेल. मग आपण इथे पाव खाऊ. मग घरी जाताना ती म्हणेल, तौनो, मी त्याला माफ केलं. आणि ऊन येईल, आणि धुकं...

धाड!

तौनो ओंडक्यावरून मागे उलथा पडला. दोन्ही पाय वर, तोंडात हिम. झाडांवरचे पक्षी ओरडत उडाले. आवाज टेकड्यांवर आपटत दूरदूर गेला आणि परत आला.

तो धडपडत उठला, तेव्हा नर आडवा झाला होता, एका गोळीत. लेम्पी उभी राहून आभाळाकडे तोंड करून गाल पुसत ओरडत होती, "बघितलंस अर्वो? असं करायचं असतं! असं!"

मग ती तौनोकडे वळली आणि एकदम शांत आवाजात म्हणाली, "छान जागा आहे रे. थांबून बघावंसं वाटतं खरं. मी बघितलं थोडं." आणि खिशातून दोर काढून त्याच्याकडे फेकला. "चल, ओढ."

तौनोने ओढलं. अर्वोच्या साऱ्या आठवणींच्या वाटेवरून, गोठलेल्या ओढ्यावरून, चढावरून, दर वीस पावलांनी धापा टाकत. पुढे लेम्पी, खांद्यावर रायफल, गुणगुणत. ओढ्यावर तो घसरला आणि दाणकन बसला. तिने वळून पाहिलं आणि इतकी हसली, की झाडावरचं हिम तिच्या डोक्यावर पडलं.

दुपारी लेम्पीने एक अख्खी मागची तंगडी कागदात गुंडाळून सालमेलांच्या घरी पाठवली. एल्माने कांद्यावर मांस परतलं, बटाटे टाकले. घरभर असा वास सुटला, की कपड्यांचं यंत्रसुद्धा दारापर्यंत येऊन थांबलं. तौनो शेगडीशी पाठ शेकत टेबलाजवळ बसला होता. कंबर धरली होती. पण खिडकीबाहेर हिम पडत होतं, ताटात वाफ होती, आणि तो पुन्हा हळूहळू त्या धुक्यात शिरत होता.

"तौनो," एल्माने पातेलं ढवळता ढवळता विचारलं, "तुझी रायफल कितीला जाईल रे?"

"माझी? एकशे पंचवीस. आतून अगदी नवी आहे..." तो तंद्रीत म्हणाला, आणि मग जागा झाला. "का? विकायचीय?"

"विकायची कशाला? नुसता अंदाज घेतला. लेम्पी म्हणते, पुढच्या वर्षी मीही जावं तिच्याबरोबर. दोघींचं बरं जमेल. तुझी रायफल मी घेईन."

"आणि मी?"

"तूसुद्धा ये की."

तौनोचा जीव भांड्यात पडला. "मी काय घेऊ हातात?"

एल्माने चमचा ताटलीवर आपटून झटकला.

"कॉफी."